खेळाची वेळ आधी राखावी: तीन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी

लहान मुलांना रोज खेळायला मिळाले पाहिजे, हे कोणताही पालक मान्यच करतो; घोडे अडते ते वेळापत्रकापाशी. शाळा, व्हॅन, गृहपाठ, शिकवणी, ॲबॅकस आणि पाठांतर यांतून जे उरेल ते खेळाला, अशी बहुतेक घरांतली रीत आहे, आणि उरत काहीच नाही. म्हणून येथे सुचवलेली पद्धत उलट्या क्रमाची आहे. खेळाची वेळ आधी राखून ठेवावी आणि अभ्यास उरलेल्या वेळात बसवावा. बालवाडीपासून चौथीपर्यंतचा अभ्यास तेवढ्या वेळात बसतो. ज्या घरी तो बसत नाही, तेथे बहुधा मुलाच्या वयाला न झेपणारे काम दिलेले असते, आणि ते कमी कसे करून घ्यावे हेही पुढे सांगितले आहे.

आधी एका आठवड्याचा हिशेब मांडावा

सुरुवात वेळापत्रक बदलण्यापासून करू नये. एक आठवडाभर मूल दिवसभरात काय काय करते, याची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद वहीत ठेवावी, आणि ती मुलाला न सांगता, त्याच्या दिनक्रमात काहीही न बदलता ठेवावी. शनिवार-रविवार वगळू नयेत, कारण क्लासवाल्यांचा खरा डोळा त्याच दोन दिवसांवर असतो.

उदाहरणादाखल दुसरीतले सात वर्षांचे मूल घेऊ. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. आपण १० तास धरू. शाळेचे ६ तास. शहराच्या उपनगरात व्हॅन प्रत्येकाच्या दारात थांबत जाते, त्यामुळे जाण्यायेण्याचा दीड तास. अंघोळ, खाणे, जेवण, गणवेश, दप्तर भरणे यांत मिळून ३ तास. बेरीज साडेवीस तास झाली, उरले साडेतीन. त्यातून शिकवणीचा जाण्यायेण्यासकट दीड तास आणि गृहपाठाचा एक तास वजा केला की हातात एक तास राहतो, आणि तो बहुतेक वेळा रात्री आठनंतरचा असतो, जेव्हा खाली अंधार असतो, एकही सवंगडी बाहेर नसतो आणि मोबाइलखेरीज दुसरे काही सुचत नाही. मूल खेळतच नाही, नुसते मोबाइलला चिकटलेले असते, ही तक्रार करण्याआधी तो एक तास दिवसाच्या कोणत्या टोकाला ढकलला गेला आहे ते नोंदीत पाहावे.

या हिशेबात झोपेला कात्री लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. झोप तोडून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी वर्गात जांभयांच्या रूपाने परत जातो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. सकाळचा तो मोकळा झालेला वेळ पाढ्यांनी भरून टाकला तर त्या निर्णयाला काही अर्थ राहत नाही.

खेळ कशाला म्हणावे

नोंद लिहिताना एक प्रश्न हमखास उभा राहतो: स्केटिंग, कराटे, बुद्धिबळ, नृत्य हे सगळे खेळाच्या खाती लिहायचे की अभ्यासाच्या? ठरवायची कसोटी सोपी आहे. काय खेळायचे ते मूल ठरवते का, खेळ अर्ध्यावर सोडायची त्याला मुभा आहे का, आणि शेवटी एखादे मोठे माणूस त्याला बरे-वाईट ठरवणार आहे का, हे पाहावे. फी भरलेली असेल, शिट्टी वाजवणारे सर असतील आणि वर्षाअखेरीस बेल्टची परीक्षा असेल, तर तो क्लास आहे. क्लास वाईट असतो असे येथे म्हणायचे नाही. मुलाला आवडत असेल तर जरूर पाठवावे, मात्र त्याची वेळ शिकण्याच्या खाती मांडावी, खेळाच्या नव्हे. नोंदीतला बराचसा घोटाळा एवढ्याने मिटतो.

मोकळ्या खेळात मुले काय करतात, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. लगोरीच्या आधीच अर्धा खेळ होऊन गेलेला असतो: भिडू वाटून घ्यायचे, चपट्या फरश्या शोधून उतरंड रचायची, चेंडू कितीवरून मारायचा ती रेघ ओढायची. मग ‘लागला’, ‘नाही लागला’ यावरून भांडण, आणि खेळ बंद पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी केलेली तडजोड. सोबत कोणाचे तरी चार वर्षांचे भावंड असतेच. त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात, तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळाला सामावून घेण्याचा हा नियम मोठ्यांनी केलेला नाही आणि कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासिकेत तो एवढा नेमका शिकवता येत नाही. सागरगोट्यांत एक गोटा वर उडवून तो खाली येईपर्यंत उरलेले चार आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम उचलायचे असतात. म्हणजे चार या संख्येचे सगळे भाग हाताच्या तळव्यावरून जातात, आणि तेही नजर वर ठेवून. बेरीज-वजाबाकीची वही उघडण्याआधी ज्या मुलाने हे केले आहे, त्याला ‘चारमध्ये तीन किती वेळा’ हा प्रश्न परका वाटत नाही.

किती वेळ राखावा

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यांतली ६० मिनिटे तरी दमछाक करणारी असावीत. पाच वर्षांपासून पुढे रोज सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा, असेही तीच संघटना सांगते. हा किमान हिशेब झाला. व्यवहारात शाळेच्या दिवशी दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुप्पट, एवढा वेळ राखावा, आणि तो तुकड्यातुकड्यांनी न देता सलग द्यावा, कारण मुले जमायला, काय खेळायचे ते ठरायला आणि राज्य कोणावर हे चकून सुटायला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. अर्ध्या तासाने हाक मारली तर मूल खेळलेले नसते, नुसते तयार झालेले असते.

हा वेळ उजेडाचा असावा. लहान वयात भरपूर वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत लांबचे नीट न दिसल्याने चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते, आणि घरातल्या दिव्यांचा प्रकाश बाहेरच्या प्रकाशाच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून शाळेतून आल्यावर हातपाय धुणे, खाणे आणि लगेच खाली, हा क्रम ठेवावा. ‘आधी गृहपाठ, मग खेळ’ हा आपल्याकडचा जुना दंडक या वयापुरता मोडावा. नागपूर-अकोल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अर्थातच खेळ सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर न्यावा लागेल. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर जिना, पार्किंग, पडवी, जी छपराखालची जागा मिळेल ती वापरावी लागेल. पावसात भिजल्याने काही बिघडत नाही, असे आजीला पटवणे हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

गृहपाठ कमी कसा करून घ्यावा

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात याबाबत स्पष्ट सूचना आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास द्यावा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नसावे. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कृतीतून, शोधातून आणि बालककेंद्री पद्धतीने शिकवणारा, मुलाला भय आणि दडपण यांपासून मुक्त ठेवणारा असावा, असे म्हटले आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असणे आवश्यक मानले आहे. कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई करते आणि तसे करणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते. शाळेच्या शिक्षकांनी खासगी शिकवणी घेण्यास कलम २८ ने बंदी आहे.

ही कलमे पाठ असावीत, पण पहिल्याच भेटीत ती टेबलावर आपटू नयेत. वर्गशिक्षिकेवरही वरून दबाव असतो, आणि ‘आमच्या मुलाला अभ्यासच देत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे पालक तिने रोज पाहिलेले असतात. तिच्या हाती काहीतरी लेखी दिले तर तिलाही मुख्याध्यापकांपुढे बोलायला आधार मिळतो. दैनंदिनीत साधारण पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘मा. वर्गशिक्षिका बाई, सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या मुलीला रोजचा गृहपाठ पूर्ण करायला साधारण सव्वा तास लागला. दोन अंकी बेरीज तिला समजली आहे असे आम्हाला दिसते. वेळ जातो तो एकच शब्द वीस-वीस वेळा लिहिण्यात. पुढील महिनाभर आम्ही तिला रोज वीस मिनिटेच बसवू आणि जेवढे होईल त्याखाली सही करून पाठवू. ती कोठे मागे पडते आहे असे आपल्याला दिसल्यास कृपया कळवावे, आम्ही भेटायला येऊ.’

या मजकुरात परवानगी मागितलेली नाही आणि भांडणही नाही. वीस मिनिटांचा काटा मात्र घरातही पाळावा लागतो. बाबांनी वीस मिनिटे म्हणायचे आणि आईने पुढचे पान उघडायचे, असे झाले तर मुलाला कोणाचेच खरे वाटत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊ वाजता ‘उद्याचे डिक्टेशन कितव्या धड्यावर आहे?’ असा प्रश्न येतो आणि पाच मिनिटांत दहा घरांतली झोपलेली दप्तरे पुन्हा उघडतात. रात्री आठनंतर तो ग्रुप पाहायचाच नाही, असे ठरवल्याने काहीही अडत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये शाळेच्या ओझ्याविषयी जो अहवाल दिला, त्यात दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे असे म्हटले होते. घरी याचा उपयोग असा करावा: एखादे मूल एकाच पानावर तासभर अडले असेल तर त्याला आणखी एक तास बसवल्याने ते पान सुटत नाही. वही मिटावी, दुसऱ्या दिवशी बाईंना विचारावे, आणि त्या मुद्द्याला हात घालणारी एखादी वस्तू, म्हणजे चिंचोके, काड्या, सुटी नाणी, समोर ठेवून पाहावे.

साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल

सर्वांत जास्त घाई येथे होते, म्हणून यावर जरा थांबायला हवे. पाहून आकार काढण्याची मुलांची क्षमता ठरावीक क्रमाने येते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल गोल काढू लागते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचच्या दरम्यान चौकोन, आणि तिरक्या रेघा लागणारा त्रिकोण पाच-सहाच्या दरम्यान जमतो. आता ‘क’ डोळ्यांसमोर आणावा: उभा दंड, डावीकडचा बंद फुगा, उजवीकडे वळून खाली येणारी शेपटी आणि वर शिरोरेघ. ज्या हाताला अजून चौकोनाचे कोपरे वळत नाहीत, त्याला दुरेघी वहीत हे अक्षर पानभर गिरवायला लावले तर मूल पेन्सिल मुठीत धरते, कागद फाटेपर्यंत दाबते आणि अक्षर या प्रकाराचाच कंटाळा धरते. मनगटातली लहान हाडे या वयात अजून पुरती तयार झालेली नसतात आणि बोटांच्या स्नायूंवर ताबा आलेला नसतो. यात मुलाचा आळस कोठेही नसतो.

लिहिण्याची तयारी करून घ्यायचीच असेल तर स्वयंपाकघरात ती फुकट होते. वाटाण्याच्या शेंगा सोलणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे, कणकेच्या लहान गोळ्या वळणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, रांगोळीची चिमूट सोडणे, या प्रत्येक कामात अंगठा आणि दोन बोटे नेमकी तीच हालचाल करतात जी पुढे पेन्सिलीला लागते. भातुकली, मातीत किल्ला करणे, दोरीत मणी ओवणे हेही त्यातच आले. मुलाने सांडले तर झाडून घ्यावे लागेल, एवढीच काय ती फी.

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते काम पुढे कोसबाडला नेले, तेव्हा महागड्या शैक्षणिक साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, दगड अशी भोवतालची साधने वापरात आणली. गुरे चारायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांवर आधारलेले शिक्षण असावे असे म्हटले आहे. तेव्हा केजीच्या प्रवेशाच्या वेळी ‘आमच्याकडे ज्युनिअरलाच जोडाक्षरे पूर्ण होतात’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर ती शाळा पुढारलेली नसून धोरणाच्या मागे आहे, असे समजायला हरकत नाही. त्याऐवजी शाळेत जाऊन एवढेच विचारावे की मुले रोज किती वेळ बाहेर असतात, आणि ते मैदान शिक्षकांच्या गाड्यांनी भरलेले आहे का ते स्वतः पाहून यावे.

शिकवणी बंद करताना

पहिली-दुसरीच्या शिकवणीमागे पुष्कळदा अभ्यासाचे कारण नसतेच. आई-बाबा दोघेही सात वाजता घरी येतात, आणि चार ते सात मुलाला कोणाच्या तरी नजरेखाली ठेवायचे असते. शेजारच्या इमारतीतल्या शिकवणीच्या बाई ती सोय करतात. ही गरज खरी आहे आणि ती नाकारून शिकवणी बंद करता येत नाही. त्यासाठी त्याच इमारतीतली, त्याच अडचणीतली तीन-चार घरे शोधावीत आणि एक ताई किंवा मावशी पगारावर ठेवावी, जी मुलांना खायला देईल आणि नंतर दीड तास खाली घेऊन बसेल. चार घरांत मिळून हा खर्च शिकवणीच्या फीच्या आसपास येतो. ज्यांचे आजी-आजोबा घरी आहेत त्यांनी आजोबांना खाली बाकावर बसण्याचे काम द्यावे. खेळात पडायचे नाही, कोणी पडले-झडले तरच उठायचे, हे मात्र आधी सांगून ठेवावे.

खरोखर अभ्यासासाठीच शिकवणी असेल तर ती महिनाभर थांबवून पाहावी, आणि त्या महिन्यात चाचणी परीक्षा येणार नाही असा महिना निवडावा. शिष्यवृत्ती परीक्षेची, निरनिराळ्या ऑलिंपियाडची तयारी पहिलीपासून करून घेणाऱ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती तयारी पहिलीत लागत नाही.

सवंगडी आणि जागा

एकटे मूल खाली सोडले तर ते दहा मिनिटांत वर येते. म्हणून वेळ राखण्याइतकेच ती वेळ इतर घरांशी जुळवणे महत्त्वाचे आहे. ‘सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते सात मुले खाली’ एवढा एक ओळीचा निरोप पाच-सहा घरांना द्यावा. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र आली तर उत्तमच, कारण डबा ऐसपैस, विषामृत, साखळी हे खेळ लहानांना मोठ्यांकडूनच मिळतात, आणि मधली एक पिढी क्लासला गेली की ते त्या वाड्यातून वा सोसायटीतून नाहीसे होतात.

‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी जेथे लागलेली असेल, तेथे रखवालदाराशी वाद घालून उपयोग नाही. इमारतीचा मंजूर नकाशा मागवून त्यात मनोरंजनासाठी मोकळी सोडलेली जागा कोठे दाखवली आहे ते पाहावे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी सचिवांना पत्र देऊन विषय विषयपत्रिकेवर घालून घ्यावा. ठराव नेमका मागावा: अमुक ते अमुक वेळेत त्या जागेत गाड्या लावू नयेत, मुलांनी मऊ चेंडू वापरावा, काच फुटल्यास खेळणाऱ्या घरांनी मिळून भरून द्यावी. शेवटच्या अटीमुळे विरोध करणाऱ्यांपैकी निम्मे तरी गप्प बसतात.

खेळण्यांवर खर्च करू नये. फ्रिजचे रिकामे खोके, जुनी चादर, दोरी, बांधकामावरची थोडी वाळू यांनी जे होते ते दोन हजारांच्या बॅटरीवरच्या गाडीने होत नाही. पहिल्या आठवड्यात मूल ‘कंटाळा आला’ म्हणत मागे-मागे फिरेल, कारण प्रत्येक तास कोणीतरी आखून देण्याची त्याला सवय झालेली असते. अशा वेळी काही सुचवू नये आणि मोबाइलही देऊ नये.

खेळ वाढवूनही काही गोष्टी सुधारत नसतील तर त्या वेगळ्या समजाव्यात. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, नखे कुरतडणे, झोपेत दचकणे हे महिनाभर चालू राहिले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि शाळेत काय घडते आहे याची चौकशी करावी. तिसरी संपत आली तरी सोपी वाक्ये वाचता येत नसतील, अक्षरे सतत उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी; मोठ्या शासकीय रुग्णालयांत तिची सोय असते. अशा मुलाला लागणारे विशेष शिक्षण शाळेच्या वेळेत किंवा गृहपाठाच्या जागी बसवून घ्यावे. त्याच्या खेळाच्या दीड तासातून ते काढू नये, कारण वर्गात दिवसभर मागे राहणाऱ्या त्या मुलाला लगोरीत पहिला भिडू म्हणून निवडले जाण्याची शक्यता असते.